नाव उतरलेलं वादळ

मी आज जो काही आहे तो गुलाबचाचांमुळे आहे. निवृत्तीच्या छोट्याशा कार्यक्रमातही मी हेच वाक्य बोललो, तेव्हा समोर बसलेला एक तरुण सहकारी खुदकन हसला. त्याला वाटलं, मी चक्रीवादळाबद्दल बोलतोय. त्याचा काही दोष नाही. आमच्या खात्यात 'गुलाब' म्हटलं की बंगालच्या उपसागरात उठलेलं ते वादळच डोळ्यांपुढे येतं. माझ्या गुलाबचाचांचा आणि समुद्राचा काही संबंध नव्हता. त्यांनी समुद्र अजूनही पाहिलेला नाही.

गुलाबचाचा म्हणजे रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे दूधवाले. रेणा नदीच्या काठाला त्यांचा म्हशींचा गोठा. माझे वडील त्या गोठ्यावर सालगडी होते. आमच्या घरात त्याआधी कुणी शाळा पाहिलेली नव्हती. मी दहावी झालो तेव्हा वडिलांनी मला गोठ्यावर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "चाचा, हे बी आता कामाचं झालंय."

चाचांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "हे काय कामाचं न्हाई. शेण उचलताना नाक धरतंय. ह्याला लातूरला कॉलेजात घाल."

"लातूरला? रोज जायचं कसं त्यानं?"

"दूध जातंय ना रोज? दुधासंगं जाईल."

आणि मी खरोखरच दुधासंगं गेलो. चाचांच्या फटफटीला दोन्ही अंगांना दुधाचे कॅन आणि मधे वह्या छातीशी धरून मी. गिऱ्हाइकांची घरं आटोपली की चाचा मला कॉलेजच्या फाटकात उतरवत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत, "जा, पढ! आणि झोपू नको!" वर्गातली मुलं मला 'अर्धा लिटर' म्हणत. त्याच नावानं मी बी.एस्सी. झालो आणि काही वर्षांनी हवामानाच्या नोकरीत लागलो. नोकरीची बातमी सांगायला पेढे घेऊन गेलो, तर चाचांनी पेढा तोंडात टाकून शांतपणे विचारलं, "मतलब सरकार तेरेकू आसमान देखने का पगार देती?"

चाचा गावाशी मराठी बोलत, घरात दखनी. मी त्यांच्या दृष्टीनं अर्धा घरातला, म्हणून माझ्याशी दोन्ही.

माझी बहुतेक नोकरी नांदेडला झाली. आमचं काम काय, हे बाहेरच्यांना नेमकं माहीत नसतं, म्हणून सांगतो. अंगणात एक पांढरी जाळीदार पेटी असते, तिच्यात तापमापक. ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, पेटी उघडून वाचन घ्यायचं, पर्जन्यमापकात पाणी असेल तर ते मोजायचं, वारा कुठला, ढग कोणते आणि किती हे पाहायचं आणि वर कळवायचं. वरून सगळ्या देशाचं चित्र तयार होऊन येतं, त्यावरून जिल्ह्यासाठी पत्रक काढायचं. बस. अंदाज खरा ठरला तर तो पावसाचा मोठेपणा, खोटा ठरला तर आमचा नालायकपणा, असा एकूण हिशेब. शेजारच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं त्या पांढऱ्या पेटीला कित्येक वर्षं हळदकुंकू वाहिलं. आम्ही तिला अडवलं नाही. आमच्या कामावर श्रद्धा असलेली तेवढी एकच व्यक्ती होती.

फोन मात्र खूप येत. मंडपवाल्यांचे, वीटभट्टीवाल्यांचे, हेलिकॉप्टरनं येणाऱ्या पुढाऱ्यांच्या माणसांचे. माहूरचे एक प्रसादाचे दुकानदार दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर विचारत, "साहेब, वादळ गड चढतं का?" मी म्हणायचो, इथपर्यंत वादळ येतच नाही, पाऊस येतो. ते म्हणत, "मग ठीक हाय, नारळाचा माल उतरवून घेतो." पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. त्यांना उत्तराची गरज नसावी, कुणाशी तरी बोलून माल उतरवला याचं समाधान हवं असावं.

आणि नावांबद्दलचे फोन. वादळांना नावं द्यायला लागल्यापासून लोकांचा आमच्यावर राग वाढला, कारण तोवर वादळ देवाचं होतं, आता ते कुणीतरी नाव ठेवलेलं झालं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर 'नीलम' आलं तेव्हा नायगावहून एका गृहस्थांचा फोन आला.

"साहेब, नीलम हे नाव तुम्ही ठेवलं का?"

"नाही हो. शेजारच्या देशानं सुचवलेलं आहे."

"त्यांना आमच्या घरची माहिती कुणी दिली?"

मागून एका बाईचा आवाज आला, "कुणाशी बोलून राहिले हो?" आणि फोन बंद झाला.

पद्धत अशी आहे. आपल्या समुद्राभोवतालचे आणि जवळपासचे मिळून तेरा देश आहेत. प्रत्येकानं आपल्या नावांची यादी आधीच देऊन ठेवलेली. आमच्या गावात गणपतीच्या आरतीचा मान जसा घरोघर फिरतो, तसा नाव ठेवायचा मान देशादेशांत फिरतो. नाव लहान हवं, सहज उच्चारता यायला हवं, कुणाच्या भावना दुखावणारं नको. म्हणजे वादळ जन्मायच्या कितीतरी आधी त्याचं बारसं झालेलं असतं. वाऱ्यानं ताशी बासष्ट किलोमीटरचा वेग गाठला की पुढचं नाव त्याला चिकटवायचं. त्याखाली सगळी बिननावाची: कमी दाबाचं क्षेत्र, तीव्र कमी दाबाचं क्षेत्र वगैरे.

अमेरिकेकडच्या समुद्रात नावांच्या सहा वर्षांच्या याद्या आहेत. सहा वर्षं संपली की पहिली यादी पुन्हा सुरू. मात्र एखाद्या वादळानं फार माणसं मारली, तर त्याचं नाव यादीतून कायमचं काढतात. म्हणजे तिकडे खुन्याला सन्मानानं निवृत्ती आणि गरीब, निरुपद्रवी वादळाला दर सहा वर्षांनी पुन्हा ड्युटी. आपल्याकडे हा भेदभाव नाही. आपल्या समुद्रात नाव एकदा वापरलं की संपलं, मग त्यानं गाव बुडवलेलं असो नाहीतर नुसतं धुणं भिजवलेलं असो.

आमच्या घरांत मात्र नावं फिरून वापरायची चाल आहे. माझं बालाजी हे नाव आज्याचं. त्यामुळे माझ्या आईनं मला जन्मात कधी बालाजी म्हणून हाक मारली नाही. सासऱ्याचं नाव ती कसं घेणार? तिनं मला 'बापू' केलं. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हा नियम आमच्या गल्लीत जितका कडक होता, तितकाच चाचांच्या गल्लीत. एवढ्या एका बाबतीत गावात कधी दुमत नव्हतं.

आता सांगायची गोष्ट एवढीच की, हा सगळा नावांचा थाट किनाऱ्यावरच्या लोकांसाठी. मराठवाड्याच्या वाट्याला नाव येत नाही. वादळ जमिनीवर आलं की त्याचा वारा मोडतो, वारा मोडला की नाव उतरतं, आणि आमच्यापर्यंत पोहोचतं ते नाव उतरलेलं वादळ. वारा किनाऱ्यावर ठेवून पाणी तेवढं घेऊन आलेलं. पाण्याला नाव द्यायची पद्धत नाही.

एका वर्षी सप्टेंबरच्या शेवटी बंगालच्या उपसागरात वादळ उठलं. पाळी पाकिस्तानच्या नावाची होती आणि नाव होतं गुलाब. मी पत्रक वाचलं आणि मनात म्हटलं, आता फोन येणार. आलाच.

"बालाजी, टीव्हीवाली मेरा नाम लेरी. क्या किया रे तू?"

"मी काही केलं नाही चाचा. पाकिस्ताननं ठेवलेलं नाव आहे."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "ये बात गाव में किसीकू बोलना नक्को."

पण गावाला देशाशी कर्तव्य नव्हतं. गावाला नावच पुरलं. दुधाची गिऱ्हाइकं विचारू लागली, "चाचा, आज ताशी किती?" सरपंच म्हणाले, "चाचा, येताना आधी कळवत जा, आम्ही कौलं धरून बसतो." चाचांना हे आवडू लागलं. मिशीला पीळ देत ते सांगत, "समुद्रात हाय सध्या. परवा पोहोचतो." अडचण झाली ती चाचीची. टीव्ही, मोबाईल, ग्रामपंचायतीचा भोंगा, सगळीकडे नवऱ्याचं नाव. मुलगा झाल्यापासून ज्यांना 'रफीक के अब्बा' याशिवाय काही म्हटलेलं नाही, त्यांचं नाव अख्खा देश घेतोय. तिनं वादळाला 'रफीक के अब्बा का तुफान' म्हणायला सुरुवात केली. अंगणवाडीच्या ताई तिला म्हणाल्या, "चाची, वादळाचं नाव घ्यायला काय होतं? ते काय तुमच्या चाचांचं हाय का?"

चाची म्हणाली, "तू अपने मरद का लेके दिखा पहले."

एक मात्र झालं. आमच्या गावानं पहिल्यांदाच हवामानाचा इशारा मनावर घेतला. भोंग्यावरून पुकारा झाला की गुलाब येतंय, नदीकाठची जनावरं वर शाळेच्या मैदानात आणा. सगळ्यांनी आणली. सर्वांत पुढे चाचा. स्वतःच्या वरातीत निघाल्यासारखे म्हशी घेऊन वर आले. मी नांदेडला हे फोनवर ऐकून खूश झालो. कार्यालयात आमच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बघा, नाव दिल्याचा फायदा."

वादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला आणि नियमाप्रमाणे नाव उतरलं. टीव्हीवाल्यांनी ठळक अक्षरं काढून टाकली आणि दुसरी बातमी लावली. इकडे आमच्या नकाशावर ढगांचा तो ढीग तेलंगणातून सरळ आमच्या दिशेनं सरकत होता. हे वारंवार होतं असं नाही, पण होतं तेव्हा ते कसं दिसतं हे मला ठाऊक होतं. त्याच्या पोटात सगळं पाणी शाबूत होतं.

वरून आलेल्या मजकुरात शब्द होते, 'गुलाब चक्रीवादळाचे अवशेष'.

मी साहेबांकडे गेलो. साहेब पुण्याकडचे, सज्जन माणूस. "सर, आपल्या पत्रकात 'गुलाब वादळ' असंच ठेवू या का?"

"ते आता वादळ नाही, बालाजी. तुम्हाला माहिती आहे."

"मला माहिती आहे सर. गावाला नाही. अवशेष म्हटलं की लोक दहाव्याची तयारी करतील. जनावरं कोण हलवणार?"

ते हसले, मग गंभीर झाले. "उद्या किनाऱ्यावर कुणी विचारलं की वादळ संपलं का, तर आपण दोन ठिकाणी दोन उत्तरं द्यायची? नियम कशासाठी असतो मग?" त्यांचं बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला राग धरायलाही जागा राहिली नाही. पत्रक गेलं. त्यात अतिमुसळधार पावसाचा इशारा होता, तांबड्या रंगात होता, सगळं होतं. नाव तेवढं 'अवशेष'.

गावात भोंग्यावरून गणपत शिपायानं ते जसंच्या तसं वाचलं, "गुलाबचे अवशेष आज दुपारनंतर आपल्या भागात येत आहेत, नागरिकांनी सावध राहावं." शाळेच्या मैदानातून चाचा ओरडले, "अरे गणप्या, मी जिता हाय!" लोक पोट धरून हसले. आणि हसता हसता एकेकानं दावी सोडली. नाव गेलं म्हणजे वादळ गेलं. मैदानात चारा नव्हता, धारा काढायला आडोसा नव्हता. सगळी जनावरं नदीकाठी परत. याही वेळी सर्वांत पुढे चाचा.

दुपारी मी फोन केला तेव्हा पाऊस लागला होता.

"चाचा, म्हशी घेऊन वर या."

"कायकू? टीव्ही पे मेरा नाम है?"

"नाही."

"मग? ज्याला नाव न्हाई त्याला कोण भ्यावं? ऐसे भोत पानी देखे मैं."

"चाचा, वाऱ्याला नाव होतं. आता येतंय ते नुसतं पाणी आहे. ते जास्त वाईट."

"तू साहेब झाला बालाजी, बरं झालं. पण म्हशी माझ्या हायत." फोन बंद. त्यानंतर तो लागलाच नाही.

मी रफीकला, म्हणजे चाचांच्या मुलाला फोन लावला. तो दूध घालायला लातूरला गेलेला आणि रस्त्यातल्या पुलावरून पाणी जात असल्यामुळे तिकडेच अडकलेला. तो रडकुंडीला आला होता. "भैया, अब्बा माझं ऐकत न्हाईत. अम्मीला बोला." मी चाचीला लावला. चाची गावातल्या घरी, उंचावर. तिनं दोन माणसं खाली पाठवून पाहिली होती. चाचांनी दोघांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

"चाची, तुम्ही भोंग्यावरून बोलवा. तुमचा आवाज ऐकला तर येतील."

"क्या बोलूं? गणपत सुबह से गला फाड रहा."

"नाव घेऊन बोलवा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता तो मला फोनमधून ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बालाजी, तू पढा-लिखा है. हमारे में बोलते, औरत नाम ली तो मरद की उमर घटती."

मी जे बोललो ते मला आजही आठवतं, आणि आठवलं की अंगावर येतं. मी म्हणालो, "चाची, नाही घेतलं तर आजच घटेल."

"रखती मैं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढे काय झालं ते मला त्या वेळी काहीच कळलं नाही. मी वाचनं घेत होतो. पर्जन्यमापक भरत होतं, मी मोजत होतो आणि वर कळवत होतो. हे आमचं काम. माणूस ज्याच्यासाठी जीव टाकतो तो पाण्यात असला तरी पाणी मिलिमीटरमध्येच मोजावं लागतं.

नंतर गणपतनं सांगितलं. चाची डोक्यावर पोतं घेऊन ग्रामपंचायतीत आली. तिथं सोयाबीन झाकून आलेली सात-आठ माणसं बसलेली. ती गणपतला म्हणाली, "माईक दे." त्यानं दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि पाठ सगळ्यांकडे करून भिंतीकडे तोंड केलं. गणपत म्हणाला, "चाची, काय सांगायचं ते मला सांगा, मी बोलतो." तिनं मान हलवली. आणि मग भोंग्यातून, गावानं कधी न ऐकलेला शब्द आला.

"गुलाब."

मग जरा थांबून, "गुलाब शेख. ऊपर आओ. मैं बुला रही."

गणपत म्हणतो, ते ऐकून बायका दारात आल्या. शेजारच्या गल्लीतली एक म्हातारी कानाला हात लावून खाली बसली. नदीकाठच्या बाकीच्या गोठ्यांतले लोक काम टाकून बाहेर आले आणि काय झालं ते बघायला गावाकडे निघाले. कुणीतरी म्हणालं, चाचा गेले असणार, त्याशिवाय ती नाव घेणार नाही. मग सगळेच पळत सुटले, आणि पळताना ज्याच्या हाताला जे जनावर लागलं ते घेऊन.

चाचांचं स्वतःचं म्हणणं असं: "मी धार काढत होतो. भोंग्यातून तिचा आवाज, आणि माझं नाव! मला वाटलं कयामत आली. हातातली चरवी तिथंच टाकली." त्यांनी पुढच्या म्हशीचं दावं सोडलं आणि ते वर चालू लागले. म्हशी धन्यामागे येतातच. ते शाळेजवळ पोहोचले आणि पाणी गोठ्यात शिरलं. संध्याकाळपर्यंत गोठ्याचे पत्रे दिसेनासे झाले.

पाण्यासाठी म्हणून त्या दिवशी आमच्या गावात कुणी वर आलं नाही. चाचीनं नाव घेतलं म्हणून अख्खा नदीकाठ वर आला. आमच्या खात्याच्या कोणत्याही अहवालात हे येणार नाही.

आमच्या गावात माणूस गेलं नाही. मराठवाड्यात बाकी ठिकाणी गेली. जनावरं वाहिली, काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजलं. वर्तमानपत्रात त्याला 'अतिवृष्टी' म्हटलं. आणि ते अवशेष आम्हाला बुडवून पश्चिमेला निघाले, अरबी समुद्रावर गेले, पाणी पिऊन पुन्हा तगडे झाले, आणि त्यांना नवं नाव मिळालं: शाहीन. आता पाळी कतारची होती. एकच वादळ, इकडच्या समुद्रात गुलाब, तिकडच्या समुद्रात शाहीन, आणि मधे आमच्या उरावर असताना कुणीच नाही. मी हे चाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तो दूसरा निकाह किया बोल." ती त्यानंतर बरेच दिवस तेवढंच एकदा हसली. बाकी वेळ ती काळजीत असे. चाचांना साधा खोकला झाला तरी तिला वाटे, आपण नाव घेतलं म्हणून. शुक्रवारी ती दारावर आलेल्यांना जेवू घालू लागली.

चाचा माझ्यावर रागावले. जीव वाचला याबद्दल नव्हे. "तूने मेरी औरत से मेरा नाम लिवाया, वो भी भोंगे पे," म्हणाले. पोरं गल्लीत आवाज बदलून ओरडत, "गुलाऽऽब शेख, ऊपर आओ!" त्यांनी माझा फोन उचलणं सोडलं. फोनवर माझं नाव दिसलं की तो वाजून वाजून आपोआप थांबे.

मी निवृत्त झालो. आणि मग रफीककडून कळलं की चाचांनी गोठा पुन्हा तिथंच, त्याच काठावर बांधला आहे. नवे पत्रे, नव्या गव्हाणी. मी विचारलं, "असं का रे?" रफीक म्हणाला, "भैया, चूक माझी हाय. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं की वादळाची नावं सहा वर्षांनी फिरून येतात. अब्बांना दाखवला. तेव्हापासून म्हणून राहिलेत, माझी पाळी यायला टाइम हाय, तोवर नदी काय करत न्हाई. आणि अम्मी म्हणून राहिली, फिर आया तो मैं नै बोलूंगी नाम."

म्हणजे मी आयुष्यभर ज्या खात्यात काम केलं, त्या खात्याची एक पद्धत, तीही दुसऱ्या समुद्राची, चाचांनी नदीकाठी बसायचा परवाना म्हणून खिशात घातली होती. मी समजावून सांगायला गावी गेलो. चाचांनी म्हशीकडे बघत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडाचं बोलणं हवेत जातं. तू हवेचाच माणूस. कागज पे दे."

म्हणून मी कागदावर दिलं. रफीकची मुलगी सानिया गावातल्या शाळेत जाते, ती वाचून दाखवील अशा मराठीत. पोस्टातून रजिस्टर केलं, कारण सही करून घेतलेल्या कागदावर चाचांचा विश्वास जास्त. पत्र पोहोचलं आहे, सही आली आहे, उत्तर अजून नाही. पत्र असं:

"गुलाबचाचांना बालाजीचा सलाम.

तुम्ही कागद मागितलात म्हणून लिहितो. सानिया, मोठ्यानं वाच, आणि आजोबा मधेच उठायला लागले तर बसव.

रफीकनं पाहिलं ते खरं आहे, पण ते दुसऱ्या समुद्राचं आहे. नावं तिकडे फिरून येतात. आपल्या समुद्रात येत नाहीत. 'गुलाब' एकदा आलं आणि संपलं. ते सहा वर्षांनी येणार नाही, साठ वर्षांनीही येणार नाही. तेव्हा त्याची वाट बघत काठावर बसू नका. तुम्हाला मधली वर्षं मोकळी मिळालेली नाहीत.

पुढचं वादळ दुसऱ्याच कुणाच्या नावानं येईल. ते नाव आपल्या गावात कुणाचं नसेल, त्यावर कुणी हसणार नाही आणि कुणी जनावरंही हलवणार नाही. आपल्यापर्यंत येईल तेव्हा त्याला तेवढंही नाव उरलेलं नसेल. म्हणून मला भीती वाटते.

चाचीला सांगा, त्यांना पुन्हा नाव घ्यायची पाळी येणार नाही. त्या दिवशी त्यांनी घेतलं ते माझ्या सांगण्यावरून घेतलं, त्याचा दोष त्यांच्याकडे नाही. तुमची उमर त्यामुळे घटली असेल, तर ती माझ्यातून भरून घ्या. मला शिकवलंत, उभं केलंत, तेव्हा तेवढा हक्क तुमचा आहे.

शाळेमागची गायरानाची जागा उंच आहे. सरपंचांशी बोललो आहे, ते नाही म्हणाले नाहीत. गोठा तिथं न्या. नाहीच न्यायचा, तर एवढं तरी ऐका. मी आता नोकरीत नाही, पण नकाशा रोज बघतो. पाणी तुमच्याकडे निघालं की मी फोन लावीन. तुम्ही रागावला आहात, उचलू नका. मी काही बोलणार नाही, वादळाचं नावही सांगणार नाही. वाजला की म्हशी सोडा आणि वर या.

तुमचा,
बालाजी"